लेझरने केस काढणे : उपयोग किती होतो आणि काय अपेक्षा ठेवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावरची बरीच माहिती गोरी त्वचा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते आणि ती सावळ्या वर्णाला जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणून खालील उत्तरे प्रामुख्याने गव्हाळ ते सावळी त्वचा आणि काळे, दाट केस असणाऱ्या वाचकांसाठी लिहिली आहेत.

लेझरने केस कायमचे जातात का?

सगळे केस कायमचे जात नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्रांना मान्यता देताना 'केस कायमचे नाहीसे होणे' असे शब्द न वापरता 'केसांत कायमस्वरूपी घट' असे शब्द वापरले आहेत. उपचारांचा संपूर्ण क्रम पार पडल्यानंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत दाट, जाड केसांपैकी मोठा भाग येणे थांबते. उरलेले केस बारीक, फिकट आणि संथ गतीने वाढणारे होतात. आणि वर्षातून एकदोन वेळा पूरक सिटिंग घेतल्यास ही स्थिती टिकून राहते. 2006 मध्ये कॉक्रेन संस्थेने तोवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ॲलेक्झांड्राइट आणि डायोड लेझरने उपचारानंतर सहा महिन्यांपर्यंत केस सुमारे 50 टक्क्यांनी कमी राहतात, असे आढळले होते. आज पूर्ण क्रम नीट पार पाडल्यास यापेक्षा चांगला परिणाम अनेकदा दिसतो, परंतु शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्या ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी थांबावे, असेच आम्ही सांगू.

शरीराच्या सर्व भागांवर परिणाम सारखा होत नाही. काखा, बिकिनी लाइन आणि गुडघ्याखालचे पाय उत्तम प्रतिसाद देतात. चेहरा, विशेषतः हनुवटी आणि जबड्याची कड, सर्वांत बेभरवशाची असते, कारण तिथल्या केसांवर संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) ताबा असतो.

लेझर केसाच्या मुळावर नेमके काय करतो?

1983 मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञांनी एक तत्त्व मांडले. योग्य तरंगलांबीचा प्रकाश अगदी थोड्या काळासाठी सोडला, तर त्वचेतील विशिष्ट रंगद्रव्य असलेला भागच तापतो आणि आजूबाजूच्या पेशी वाचतात, असे ते तत्त्व होय. केस काढण्याच्या बाबतीत हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. केसाच्या दांड्यातील आणि मुळातील मेलॅनिन प्रकाश शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि ती उष्णता पसरत जाऊन केस पुन्हा निर्माण करणाऱ्या पेशींना इजा करते.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढची जवळजवळ सगळी उत्तरे त्यांवरच उभी आहेत. पहिली अशी की मुळात रंगद्रव्य नसेल, तर लेझरला पकडायला काहीच नसते. दुसरी अशी की हेच मेलॅनिन वरच्या त्वचेतही असते. ती जितकी सावळी, तितका प्रकाश मुळापर्यंत पोहोचण्याआधीच वर अडतो आणि वरची त्वचा भाजण्याचा धोका वाढतो.

सावळ्या त्वचेवर हा उपचार सुरक्षित आहे का?

आहे, परंतु योग्य यंत्र, योग्य सेटिंग आणि ते समजणारी व्यक्ती या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच. त्वचेच्या वर्णाचे एक (सर्वांत गोरी) ते सहा (सर्वांत काळी) असे वर्गीकरण जगभर वापरले जाते आणि ते फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचातज्ज्ञांच्या नावाने ओळखले जाते. बहुसंख्य भारतीयांची त्वचा त्यात चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात बसते. ॲलेक्झांड्राइट लेझरची तरंगलांबी 755 नॅनोमीटर, डायोडची साधारण 810 आणि एनडी-याग लेझरची 1064 नॅनोमीटर असते. तरंगलांबी जशी वाढते, तसे मेलॅनिनचे शोषण कमी होते आणि प्रकाश अधिक खोल जातो. म्हणूनच पाचव्या-सहाव्या प्रकारच्या त्वचेसाठी लाँग-पल्स, म्हणजे प्रकाशाचा ठोका लांब असलेला, एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानला जातो. त्याने केसांतील घट थोडी सावकाश होते, हे मान्य करूनच तो निवडावा लागतो. गव्हाळ त्वचेवर डायोड चांगले काम करतो आणि आपल्याकडच्या क्लिनिकांत तोच अधिक आढळतो. ॲलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेवर उत्तम असला, तरी सावळ्या त्वचेवर त्याची जोखीम अधिक असते.

मात्र यंत्राचे नाव विचारून प्रश्न संपत नाही. एकाच डायोड यंत्रावर ऊर्जा किती जूल ठेवली, प्रकाशाचा ठोका किती मिलिसेकंदांचा ठेवला आणि त्वचा थंड ठेवण्याची सोय चालू आहे की नाही, यांवर निकाल ठरतो. सावळ्या त्वचेसाठी ठोका लांब आणि ऊर्जा बेताची ठेवून सुरुवात करायची असते, म्हणजे वरच्या त्वचेतील उष्णता बाहेर पडायला वेळ मिळतो. आदल्या गिऱ्हाइकाचे सेटिंग न बदलता तेच हँडपीस (यंत्राचा प्रकाश सोडणारा, हातात धरायचा भाग) पुढच्या व्यक्तीच्या त्वचेवर ठेवणे ही गंभीर चूक आहे. तिचे परिणाम म्हणजे भाजल्याच्या खुणा, काळे डाग आणि क्वचित पांढरे चट्टे. काळे डाग बहुधा काही महिन्यांत फिके पडतात. पांढऱ्या चट्ट्यांना अधिक काळ लागतो आणि काही वेळा ते पूर्णपणे भरून येत नाहीत. म्हणून पहिल्या सिटिंगपूर्वी लहानशा जागेवर चाचणी घेऊन निदान दोन दिवस वाट पाहण्याचा आग्रह आपण स्वतः धरावा.

किती सिटिंग लागतात आणि त्यांत अंतर किती असावे?

साधारणपणे सहा ते आठ. चेहऱ्यासाठी दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे आणि शरीरासाठी सहा ते आठ आठवडे अंतर ठेवतात. प्रत्येक केस वाढीचा काळ, संक्रमणाचा काळ आणि विश्रांतीचा काळ अशा फेऱ्यांतून जातो आणि वाढीच्या काळात असलेल्या केसावरच लेझरचा पुरेसा परिणाम होतो. पायांवर एका वेळी साधारण पाचवा हिस्साच केस वाढीच्या काळात असतात, तर वरच्या ओठावर हे प्रमाण बरेच जास्त असते. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी सिटिंग उरकून घेतल्याने काम लवकर होत नाही, फक्त सिटिंग वाया जातात.

सिटिंगच्या आधी कोणती तयारी करावी?

किमान चार आठवडे आधीपासून वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमट्याने केस उपटणे आणि एपिलेटर बंद ठेवावे. केस मुळासकट उपटला, की लेझरचे लक्ष्यच निघून जाते. त्या काळात रेझर मात्र चालतो. किंबहुना आदल्या दिवशी वस्तऱ्याने केस साफ करून जाणे आवश्यक असते, कारण त्वचेवर आलेला केस जळला तर वरची कातडी भाजते. रेझरने केस जाड होतात, ही समजूत अनेकींच्या मनात घट्ट बसलेली आहे आणि तीपायी चेहऱ्यावर रेझर लावायला त्या घाबरतात. रेझर केस फक्त वरून कापतो; मुळावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून तो स्पर्शाला खरखरीत लागतो, एवढेच.

उन्हाने त्वचा काळवंडलेली असताना सिटिंग घेऊ नये. कोकणात किंवा गोव्यात समुद्रावर सुट्टी घालवून आल्यावर, किंवा शेतीच्या कामाने आणि दुचाकीवरच्या प्रवासाने हात काळवंडले असतील, तर रंग मूळ पदावर येईपर्यंत काही आठवडे थांबावे. चेहऱ्याला ब्लीच केलेले असल्यास तेही आधीच सांगावे. हातापायांवरची मेंदी पूर्ण उतरू द्यावी. त्वचेवरचा रंगही प्रकाश शोषतो. त्याच कारणाने गोंदण असलेल्या जागेवर लेझर कधीही मारू देऊ नये. आजीच्या काळातील हातावरचे हिरवे गोंदण असो वा नवा टॅटू, नियम तोच आहे, आणि ठळक तीळही झाकून घ्यावेत. मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असल्यास, अथवा ओठांवर वारंवार नागीणसदृश फोड येत असल्यास, डॉक्टरांना त्याची आधी कल्पना द्यावी.

प्रत्यक्ष सिटिंगमध्ये काय होते? दुखते का?

डोळ्यांवर गडद चष्मा किंवा पूर्ण झाकणारे कवच लावले जाते. ते नसेल, तर उपचार सुरू होऊ देऊ नये. भुवयांची खालची कड आणि पापण्या यांवर लेझर मारत नाहीत, कारण पापणीतून आत गेलेल्या प्रकाशाने डोळ्याच्या बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यानंतर थंड जेल लावून हँडपीस त्वचेवर टेकवले जाते आणि टिकटिक असा आवाज येत राहतो. प्रत्येक ठोक्याला फोडणीतल्या मोहरीचा बारीक शिंतोडा उडावा, तसा चटका बसतो आणि लगेच विरतो. काखेत आणि वरच्या ओठावर तो जास्त जाणवतो, पायांवर कमी. खोलीत केस जळल्याचा वास येतो. त्या धुरासाठी चांगल्या क्लिनिकमध्ये शोषक यंत्र ठेवलेले असते. काखा पाच-दहा मिनिटांत होतात, पूर्ण पायांना पाऊण तास ते तास लागतो.

काही मिनिटांतच नीट निरखून पाहिले, तर प्रत्येक केसाच्या छिद्राभोवती अंगावर काटा आल्यासारखा बारीक फुगवटा आणि किंचित लाली दिसते. ही ॲलर्जी नसून प्रकाश मुळापर्यंत पोहोचल्याची खूण आहे. ती काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत ओसरते. त्वचा राखाडी किंवा पांढरट पडणे, फोड येणे अथवा जळजळ वाढतच जाणे ही मात्र वेगळी बाब आहे आणि तसे झाल्यास तिथल्या तिथे थांबण्यास सांगावे.

बधिर करणारे मलम चेहऱ्यासारख्या लहान जागेवर, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच लावावे. दोन्ही पायांना भरपूर मलम चोपडून वरून प्लास्टिक गुंडाळण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो. औषध रक्तात उतरून मृत्यू झाल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2007 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

सिटिंगनंतर आठवड्याभरात केस पुन्हा वाढताना दिसतात. उपचार फसला का?

नाही. मेलेला केस त्वचेतून बाहेर ढकलला जात असतो आणि तो वाढत असल्यासारखा भासतो. एक ते तीन आठवड्यांत असे काळे ठिपके वर येतात आणि अंघोळीच्या वेळी हलक्या हाताने पुसले, तरी गळून पडतात. ते उपटू नयेत. या काळात उन्हात जाताना एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक संरक्षण देणारे सनस्क्रीन लावावे, आणि पहिले दोन दिवस गरम पाण्याची अंघोळ, जिम, स्क्रब, काखेत डिओडोरंट व सुगंधी द्रव्ये टाळावीत. हळद-बेसनाची उटीसुद्धा त्वचा पूर्ण शांत झाल्यावरच लावावी.

पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकार) असताना लेझरचा उपयोग होतो का?

होतो, पण एकट्या लेझरवर भिस्त ठेवल्यास निराशा पदरी येते. हनुवटीवर, गळ्यावर, छातीवर किंवा बेंबीखाली जाड काळे केस येऊ लागणे, पाळी अनियमित असणे आणि मुरमे यांचे एकत्र येणे शरीरातील पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढल्याचे सुचवते. लेझर आज असलेल्या जाड केसांवर काम करतो, परंतु संप्रेरके शेजारच्या बारीक लवेचे जाड केसांत रूपांतर करीतच राहतात. म्हणून एकीकडे केस कमी होत असताना दुसरीकडे नवे येत राहतात आणि दोष यंत्राला दिला जातो. अशा वेळी आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा अंतःस्रावतज्ज्ञांकडून तपासण्या करून घ्याव्यात. वजन, आहार आणि आवश्यक असल्यास औषधे यांची जोड द्यावी आणि लेझर त्यासोबत चालू ठेवावा. सिटिंग अधिक लागतील आणि पूरक सिटिंग पुढेही घ्यावी लागतील, हे गृहीत धरूनच खर्चाचा हिशेब करावा. मानेवर काळसर, मखमली जाडसर पट्टा असेल, तर तो मळ नसून बहुधा इन्सुलिनला शरीर नीट प्रतिसाद देत नसल्याची खूण असते. लेझरने तो जात नाही. त्यासाठी साखरेची तपासणी करावी.

केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असतील, आवाज घोगरा होत असेल किंवा डोक्यावरचे केस पुरुषांप्रमाणे विरळ होत असतील, तर लेझरची वेळ घेण्याआधी डॉक्टरांकडे जावे. क्वचित प्रसंगी त्यामागे अंडाशयाची किंवा अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल) ग्रंथीची गाठ असते.

हनुवटीवरच्या चार केसांसाठी मुलीला स्थळे येताना ऐकावे लागणारे शब्द आम्हाला ठाऊक आहेत. हा आजार आहे, त्यात तिचा दोष नाही, हे घरच्यांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

लेझरनंतर केस उलट वाढू शकतात का?

होय, आणि ही शक्यता अनेक ठिकाणी आधी सांगितली जात नाही. काही व्यक्तींमध्ये, विशेषतः गव्हाळ ते सावळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या गालांवर, जबड्यावर आणि मानेवर, उपचार केलेल्या जागी किंवा तिच्या लगत पूर्वीपेक्षा जाड केस येऊ लागतात. मुळे नष्ट करण्यास अपुरी पडणारी उष्णता त्यांना उलट चालना देत असावी, असा एक विचार मांडला जातो. म्हणूनच गालांवर केवळ बारीक लव असेल, तर तिथे लेझर न मारणेच शहाणपणाचे ठरते. पार्लरमध्ये संपूर्ण चेहऱ्याचे पॅकेज सुचवले गेले, तरी आपल्याला जिथे जाड केस आहेत तेवढीच जागा घ्यावी.

पांढरे किंवा भुरकट केस जातात का?

जात नाहीत. डाय लावूनही फरक पडत नाही, कारण रंग दांड्याला लागतो, मुळाला नाही. अशा केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस हा पर्याय आहे. प्रत्येक केसाच्या छिद्रात बारीक सुई घालून विजेने मूळ नष्ट करण्याची ही पद्धत 1875 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञाने डोळ्यांत टोचणाऱ्या उलट्या पापण्यांसाठी वापरली होती. ती वेळखाऊ आहे, पण रंगावर अवलंबून नाही. चाळिशीकडे झुकलेल्या आणि हनुवटीवर काळे केस असलेल्या स्त्रियांनी म्हणूनच ते पांढरे होण्याआधी निर्णय घेतलेला बरा.

हा उपचार कोणी टाळावा?

गर्भवतींनी. अपाय सिद्ध झाला आहे म्हणून नव्हे, तर सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही आणि उपचार थांबू शकतो म्हणून. कोड असलेल्यांनी त्वचातज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय अजिबात करू नये, कारण त्वचेला इजा झालेल्या जागी नवे चट्टे उमटू शकतात. जखम भरताना ज्यांची कातडी उंचवट्यासारखी वाढते, त्यांनीही आधी दाखवावे. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत पाळी स्थिरावेपर्यंत थांबणे इष्ट.

लेझरने कर्करोग होतो किंवा पुढे मूल होण्यात अडचण येते का?

यात क्ष-किरण किंवा अतिनील किरण नसतात. प्रकाश त्वचेत काही मिलिमीटरच जातो, गर्भाशयापर्यंत पोहोचत नाही. या भीतीला आधार नाही.

पुरुषांसाठी हा उपचार उपयुक्त आहे का?

आहे. दाढी केल्यावर मानेवर आत वळणाऱ्या केसांमुळे येणाऱ्या पुळ्या दाट, कुरळे केस असलेल्यांना वर्षानुवर्षे त्रास देतात आणि लेझरने त्यात चांगला आराम पडतो. माकडहाडाजवळच्या केसांमुळे होणारा नाडीव्रण, म्हणजे पायलोनिडल सायनस, तासन् तास बसून वाहन चालवणाऱ्या तरुणांत वारंवार दिसतो. शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा होऊ नये, म्हणून त्या जागेचे केस लेझरने कमी करण्याचा सल्ला शल्यचिकित्सक देतात. दाढीला अधिक सिटिंग लागतात. ट्रान्स स्त्रियांसाठी हा उपचार रोज आरशासमोर उभे राहण्याशी निगडित असतो. त्यांना सन्मानाने वागवणारे क्लिनिक शोधणे हाही उपचाराचाच भाग समजावा.

घरी वापरायची यंत्रे घ्यावीत का?

ही यंत्रे बहुतेक वेळा लेझर नसून आयपीएल, म्हणजे अनेक तरंगलांबींचा एकत्र प्रकाश सोडणारी असतात, आणि सुरक्षिततेसाठी त्यांची ऊर्जा कमी ठेवलेली असते. गोऱ्या ते गव्हाळ त्वचेवर नियमित वापराने केस कमी होतात, परंतु वापर थांबवला की बऱ्याच प्रमाणात परततात. खोक्यावर त्वचेच्या छटांचा तक्ता छापलेला असतो. आपला हात त्याच्याशी दिवसाच्या उजेडात ताडून पाहावा, आणि आपली छटा 'वापरू नये' या बाजूला पडत असेल, तर मोह आवरावा.

लग्नाच्या किती आधी सुरुवात करावी?

आठ ते दहा महिने. मार्गशीर्षातल्या मुहूर्तासाठी दिवाळीत चौकशी केली, तर फार तर एक सिटिंग होईल. शेवटची सिटिंग हळदीच्या किमान तीन आठवडे आधी असावी, म्हणजे एखादा डाग उमटलाच तरी सावरायला वेळ राहील.

क्लिनिक निवडताना काय विचारावे?

त्वचारोगाची पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असलेले डॉक्टर पहिल्या भेटीत स्वतः त्वचा पाहतात का, आणि अडचण आल्यास त्याच इमारतीत उपलब्ध असतात का, हे आधी विचारावे. महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारणे हा आपला हक्क आहे. यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हँडपीस कोण चालवणार आणि प्रत्येक सिटिंगचे सेटिंग कागदावर नोंदले जाते का, तेही विचारावे. ही नोंद फार महत्त्वाची आहे. माणूस बदलला तरी मागच्या वेळी किती ऊर्जा सोसली होती ते कळते. आठ सिटिंगचे पैसे एकदम भरण्याऐवजी पहिल्या दोन स्वतंत्र घ्याव्यात आणि परिणाम पाहून पुढचे ठरवावे. सवलत आजच संपते, असे सांगून घाई करणाऱ्या ठिकाणी बसू नये. आरोग्य विम्यात सौंदर्योपचार सहसा बसत नाहीत, तेव्हा हा खर्च खिशातूनच करावा लागेल.

भाजले किंवा डाग पडला, तर काय करावे?

त्या जागेवर लगेच थंड, पण बर्फाचे नसलेले, नळाचे पाणी पंधरा-वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, कोरफडीचा चीक असे काहीही लावू नये आणि फोड फोडू नयेत. त्याच दिवशी त्वचातज्ज्ञांना दाखवावे. उपचार जिथे झाला, तिथेच दाखवण्याचे बंधन नाही. दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवावेत, सिटिंगच्या सेटिंगची नोंद आणि पावती मागून घ्यावी. खपली आपोआप पडेपर्यंत ती जागा उन्हापासून कपड्याने झाकावी आणि नंतर काही महिने सनस्क्रीन चुकवू नये. डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर पुढची सिटिंग घेऊ नये, मग पॅकेजची मुदत संपत आली असली तरीही.